रेषांच्या जाळ्यातले पत्ते

त्या आकृतीत २७ त्रिकोण होते आणि मला २६च सापडत होते. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी चालली होती. बुद्धिमत्ता चाचणीच्या सराव पुस्तकात एक मोठा समभुज त्रिकोण छापला होता. त्याच्या प्रत्येक बाजूचे चार सारखे भाग पाडून, बाजूंना समांतर रेषा ओढून, आत इवलेइवले १६ त्रिकोण केलेले. खाली प्रश्न : आकृतीत एकूण त्रिकोण किती? मी पेन्सिलीनं टिंबं देत मोजत गेले. लहान १६, त्यांच्याहून मोठे ६, आणखी मोठे ३ आणि सगळ्यांना पोटात घेणारा १. बेरीज २६. पुस्तकाच्या शेवटी उत्तर २७. टिंबं खोडली, पुन्हा दिली, पुन्हा २६.

मी रडकुंडीला आले तेव्हा आत्या शेजारी येऊन बसली. तिनं समजावलं काहीच नाही. पुस्तक उचललं, उलटं केलं आणि माझ्यापुढे ठेवलं. “आता बघ गं.” आकृतीचं टोक खाली आलं, पाया वर गेला, आणि बरोबर मध्यभागी, इतका वेळ डोळ्यांसमोर असलेला, दोन खणांच्या बाजूचा एक त्रिकोण ताठ उभा राहिला. सत्ताविसावा.

पुस्तक उलटं धरलं की दिसतं आणि सुलटं धरलं की दिसत नाही, असं का व्हावं? आपला डोळा पायावर उभी असलेली आकृती पटकन ओळखतो. टोकावर उभी असलेली त्याला जागच्या जागी रिकामी वाटते. शिवाय डोळा मोजायला बसला की दोन चुका हमखास करतो : काही आकृत्या निसटतात, काही दुबार मोजल्या जातात. या दोन चुका एकमेकींना सांभाळूनही घेतात. एक निसटली आणि एक दुबार आली तर उत्तर जुळतं आणि मोजणी मात्र चुकलेलीच राहते. म्हणून उत्तर जुळणं हा अशा गणितात पुरावा नव्हे.

यावरचा उपाय असा की आकृती मोजायचीच नाही. ती आकृती कशावरून ठरते ते शोधायचं आणि ते मोजायचं. मी त्याला आकृतीचा पत्ता म्हणते. पत्ता चांगला असेल तर एका आकृतीला एकच पत्ता असतो आणि एका पत्त्यावर एकच आकृती राहते. एवढं पक्कं झालं की डोळ्यांचं काम संपतं. पत्ते निसटत नाहीत आणि दुबारही येत नाहीत.

बुद्धिबळाचा पट घ्या. त्यावर चौरस किती? घाईत कोणीही ६४ म्हणेल, पण २ घरांच्या बाजूचे, ३ घरांच्या बाजूचे चौरसही पटावर आहेतच. चौरसाचा पत्ता सोपा आहे : त्याचं डावीकडचं खालचं घर आणि बाजूची लांबी. बाजू ३ घरांची असेल तर ते खालचं घर डावीकडून पहिल्या ६ उभ्या रांगांपैकी कुठल्याही रांगेत असू शकतं. सातव्या रांगेपासून सुरू केलं तर चौरस पटाबाहेर जाईल. खालून वर जातानाही तेच. म्हणजे ३ घरांच्या बाजूचे चौरस ६ × ६ = ३६. याच न्यायानं १ घराच्या बाजूचे ६४, दोनचे ४९, चारचे २५, आणि शेवटी अख्खा पट हा १. चौसष्टपासून एकपर्यंतच्या सगळ्या वर्गसंख्यांची बेरीज २०४.

आता आयत. इथे डोळ्यांनी मोजायचं मनातही आणू नये. १ × १, १ × २, १ × ३... असे प्रकार पाडत गेलात तरी ते ६४ होतात आणि प्रत्येक प्रकार वेगळा मोजावा लागतो. पण आयताकडे पाहण्याऐवजी त्याच्या चार कडांकडे पाहा. पटावर ९ उभ्या रेषा आहेत आणि ९ आडव्या. कुठल्याही दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा उचलल्या की त्यांच्यामध्ये एक आणि एकच आयत सापडतो. उलट कुठलाही आयत दाखवा, त्याच्या दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा ठरलेल्या. हाच त्याचा पत्ता. ९ रेषांतून २ किती प्रकारे निवडता येतात? पहिली ९ प्रकारे, दुसरी ८ प्रकारे, म्हणजे ७२. पण “तिसरी आणि पाचवी” व “पाचवी आणि तिसरी” ही एकच जोडी, म्हणून निम्मे, ३६. उभ्या जोड्या ३६, आडव्या जोड्या ३६. आयत ३६ × ३६ = १२९६. चौरस हाही आयतच असतो, त्यामुळे २०४ चौरस यात आले. प्रश्नात “चौरस नसलेले आयत” असं विचारलं असेल तर १०९२. परीक्षेत मार्क जातात ते बहुधा इथे. मुलांना मोजता येतं, पण काय मोजायचं हे वाक्यात नीट वाचलं जात नाही.

निवडीचा हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांनी तो सर्वसाधारण नियमाच्या रूपात दिला. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त तो अगदी घरगुती थाटात येतो : आकडे वर उतरत्या क्रमानं मांडा, खाली चढत्या क्रमानं, वरच्यांच्या गुणाकाराला खालच्यांच्या गुणाकारानं भागा. आपल्या ९ रेषांसाठी वर ९ आणि ८, खाली १ आणि २. बहात्तर भागिले दोन. भास्कराचार्यांनी दिलेलं उदाहरण आठ दारं असलेल्या राजवाड्याचं आहे : एक दार उघडं, दोन उघडी, तीन उघडी, असे एकूण प्रकार किती? २५५. दुसरं उदाहरण सहा रसांचं : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांच्या मिश्रणांचे प्रकार ६३. छंदशास्त्र, वास्तू आणि वैद्यक या तिन्ही ठिकाणी हा हिशेब लागतो हे ते स्वतःच सांगतात. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. हे गणित आपल्या मातीत शिकवलं जात होतं, याचा तो दगडी दाखला. आज तेच गणित आपण “ट्रिक” म्हणून पाठ करतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१२९६ या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १ ते ८ या संख्यांचे घन करा : १, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३, ५१२. बेरीज करून पाहा. बरोबर १२९६ येते. पटावर एकही घनाकृती नाही, मग हे घन आले कुठून?

पट एकदम तयार झाला असं न समजता तो वाढत गेला असं समजा. ७ × ७ चा पट आहे आणि त्याला उजवीकडे एक रांग व वर एक रांग जोडून ८ × ८ चा केला. काटकोनी पट्टी लावल्यासारखा. या पट्टीमुळे नवे आयत किती जन्मले? जे नव्या उजव्या रेषेला टेकतात ते आणि जे नव्या वरच्या रेषेला टेकतात ते. उजव्या रेषेला टेकणाऱ्या आयताची उजवी कड ठरलेली, डावी कड उरलेल्या ८ उभ्या रेषांपैकी कुठलीही, आणि आडव्या जोड्या ३६. म्हणजे ८ × ३६ = २८८. वरच्या रेषेला टेकणारेही २८८. पण जे दोन्हींना टेकतात ते दुबार आले : त्यांची डावी कड ८ प्रकारे, खालची ८ प्रकारे, म्हणजे ६४. २८८ आणि २८८ मिळून ५७६, वजा ६४, उरले ५१२. आठाचा घन. प्रत्येक पट्टी आपला एक घन घेऊन येते. पहिल्या घराचा १, मग ८, मग २७. वहीत ३ × ३ ची जाळी काढून हे बोटांनी ताडून पाहता येतं : १ + ८ + २७ = ३६, आणि ४ रेषांतल्या ६ जोड्या, ६ × ६ = ३६. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी पेन खाली ठेवून बराच वेळ त्या नऊ चौकटींकडे पाहत बसले होते.

घनांची बेरीज म्हणजे मूळ संख्यांच्या बेरजेचा वर्ग, हे आर्यभटानं सांगून ठेवलंय. ‘आर्यभटीय’ ४९९ सालचं, आर्यभट तेव्हा २३ वर्षांचा होता. त्याच्या गणितपादात लागोपाठ दोन श्लोकांमध्ये तीन बेरजा येतात. चिती म्हणजे रास. पहिली बेरीज चितिघनाची : फळवाला संत्री रचतो तशी त्रिकोणी थरांची रास, वर १, खाली ३, खाली ६, खाली १०. दुसरी वर्गांच्या राशीची, तिसरी घनांच्या राशीची. तिन्हींचे नियम त्यानं मोजक्या शब्दांत बसवले आहेत. आपण पटावर मोजलेले चौरस ही त्यातली दुसरी रास झाली आणि आयत ही तिसरी. पहिली कुठे गेली? ती माझ्या शिष्यवृत्तीच्या त्रिकोणात आहे.

*

मोठ्या त्रिकोणाच्या बाजूचे आता ४ ऐवजी ८ भाग करू. टोक वर असलेले, म्हणजे सुलटे त्रिकोण आधी मोजू. बाजू १ चे सुलटे त्रिकोण ओळीओळीनं वरून खाली १, २, ३... ८ असे लागलेले दिसतात : एकूण ३६. बाजू २ च्या त्रिकोणाला सुरू व्हायला एक ओळ कमी मिळते : २८. मग २१, १५, १०, ६, ३, १. ही तर संत्र्यांची रासच. आठ थरांच्या राशीत जितकी संत्री, तितके सुलटे त्रिकोण. आर्यभटाच्या नियमानं ८ × ९ × १० भागिले ६ = १२०.

उलट्यांचा घोळ इथून सुरू होतो, कारण त्यांना कडांजवळ जागा मिळत नाही आणि मोठे उलटे त्रिकोण तर मावतच नाहीत. पण आत्यानं पुस्तक फिरवलं होतं, ते आठवून मी पुष्कळ वर्षांनी त्यांचा पत्ता शोधला. एक उलटा त्रिकोण घ्या. त्याच्या तिन्ही कोपऱ्यांतून समोरच्या बाजूला समांतर रेषा ओढा. त्या रेषा जाळीत आधीच आहेत. त्यांनी उलट्या त्रिकोणाभोवती एक सुलटा त्रिकोण तयार होतो, नेमका दुप्पट बाजूचा. उलट्याचे तिन्ही कोपरे सुलट्याच्या बाजूंच्या मध्यावर टेकलेले असतात. म्हणजे प्रत्येक उलट्या त्रिकोणाभोवती दुप्पट बाजूचं एक सुलटं घर आहे, आणि सम बाजूच्या प्रत्येक सुलट्या घरात एकच उलटा राहतो. पत्ता सापडला. उलटे वेगळे मोजायचेच नाहीत, सम बाजूचे सुलटे पुन्हा एकदा मोजायचे.

८ भागांच्या आकृतीत बाजू २ चे सुलटे २८, बाजू ४ चे १५, बाजू ६ चे ६, बाजू ८ चा १. म्हणजे उलटे ५०, आणि एकूण १७०. माझ्या जुन्या ४ भागांच्या आकृतीत सुलटे १० + ६ + ३ + १ = २०, उलटे ६ + १ = ७. सत्तावीस. तो शेवटचा १ म्हणजे मला न दिसलेला. त्याचं घर अख्खा मोठा त्रिकोण होता, म्हणून त्याच्यासाठी अख्खं पुस्तक फिरवावं लागलं.

मार्गदर्शकांत यासाठी एक सूत्र छापतात : भागांची संख्या, तिच्यात २ मिळवून येणारी संख्या, आणि भागांच्या संख्येच्या दुपटीत १ मिळवून येणारी संख्या, या तिन्हींचा गुणाकार करून ८ ने भागा, अपूर्णांक उरला तर सोडून द्या. ५ भागांसाठी ५ × ७ × ११ = ३८५, भागिले ८, म्हणजे ४८ आणि वर एक अष्टमांश. उत्तर ४८. सूत्र बरोबर आहे. पण “अपूर्णांक सोडून द्या” असं नुसतं सांगितलं तर चौकस मूल गोंधळतं. त्रिकोण अष्टमांश कसा असेल? भाग विषम असले की सम बाजूच्या घरांची मालिका १ वर न संपता ३ वर संपते, आणि सम-विषम दोघांना एकाच सूत्रात कोंबलं की ती कसर अष्टमांश होऊन बाहेर पडते. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ती द्यायला हवीत.

*

दिवाळीत आत्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायची. गेरूनं सारवलेली जमीन, आणि वर्तमानपत्राच्या कागदाला पेटत्या उदबत्तीनं सारख्या अंतरावर पाडलेली भोकं. कागद जमिनीवर पसरून वरून रांगोळी भुरभुरवून हात फिरवला की खाली ठिपके उमटत. कागद उचलताना ती श्वास रोखून धरायची. एकदा चार ठिपके, चार ओळी असा लहानसा कागद माझ्या वाट्याला आला, आणि त्यावर किती चौरस बसतील ते मी मोजलं : लहान ९, मधले ४, मोठा १. चौदा. आत्यानं चिमटीत रांगोळी घेतली आणि वरच्या ओळीतला दुसरा ठिपका, उजव्या कडेचा दुसरा, खालचा, डावा असे चार ठिपके तिरक्या रेषांनी जोडले. कलता चौरस, पण अगदी चोख चौरस. “हे कोण मोजणार?”

पटावर रेषा छापलेल्या असतात, म्हणून तिरके चौरस निघत नाहीत. ठिपक्यांवर कोणतीही दिशा मोकळी असते. मग कलत्या चौरसाचा पत्ता काय? पुन्हा तेच घर. कुठल्याही कलत्या चौरसाला बाहेरून टेकणारा एक सरळ चौरस काढता येतो. त्या सरळ चौरसाची बाजू ३ खणांची असेल तर त्याच्या वरच्या कडेवरून एकेक ठिपका सरकत गेलं की आत २ कलते चौरस बसतात. तो स्वतः धरून ३. बाजू २ ची असेल तर २, आणि १ ची असेल तर १ च. म्हणजे सरळ चौरस मोजताना प्रत्येकाला त्याच्या बाजूइतकं वजन द्यायचं, बस्स. चार ओळींच्या ठिपक्यांवर ९ × १ + ४ × २ + १ × ३ = २०. पाच ओळींवर १६ + १८ + १२ + ४ = ५०. उलटा त्रिकोण सुलट्या घरात राहतो आणि कलता चौरस सरळ घरात, हे साम्य मला या विषयातलं सगळ्यात देखणं वाटतं. न दिसणारी आकृती दिसणाऱ्या आकृतीच्या आत मुक्कामाला असते.

*

इथपर्यंतच्या जाळ्या शिस्तीच्या होत्या. रेषा वाटेल तशा ओढल्या तर? दोन रेषा समांतर नाहीत आणि तीन रेषा एका बिंदूत भेटत नाहीत, एवढीच अट ठेवा. मग कुठल्याही तीन रेषा उचला, त्यांचा त्रिकोण होतोच. पत्ता म्हणजे तीन रेषा. ६ रेषांत २०, १० रेषांत १२०. परीक्षेत येणारी एक नेहमीची आकृती यातूनच सुटते : त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायावर काही रेषा उतरवलेल्या आणि पायाला समांतर काही रेषा आडव्या मारलेल्या. दोन बाजू धरून शिरोबिंदूतून ५ रेषा निघत असतील आणि पाया धरून आडव्या ३ असतील, तर प्रत्येक त्रिकोणाला वरच्या ५ पैकी २ आणि आडव्या ३ पैकी १ लागते. १० × ३ = ३०. आकृतीकडे पाहायचीही गरज नाही.

तीन रेषा एका बिंदूत भेटल्या की मात्र त्रिकोण मिटून जातो. नियमित षटकोनाचे सगळे कर्ण काढा आणि बाजू व कर्ण मिळून होणारे सगळे त्रिकोण मोजा : ११०. आता षटकोनाचा एक कोपरा किंचित हलवा, इतका की तीन मोठे कर्ण मध्यावर एकत्र न येता जरा हुकावेत. मध्ये एक बारीकसा त्रिकोण उघडतो आणि मोजणी १११ होते. नियमित पंचकोनात असं एकत्र येणं नाहीच, म्हणून तिथला हिशेब निर्मळ आहे. तीन कोपऱ्यांवर उभे असलेले त्रिकोण १०. कुठलेही चार कोपरे घेतले की त्यांचे कर्ण मध्ये छेदतात आणि त्या छेदनबिंदूवर ४ त्रिकोण टेकतात. असे चार कोपरे निवडायचे ५ प्रकार, म्हणून २०. आणि चांदणीची टोकं, ज्यांना पाचही कोपरे लागतात, ती ५. एकूण ३५. बाजू वाढत जातात तशी कर्णांची ही भेटगाठ फार गुंतागुंतीची होते. ब्योर्न पूनेन आणि मायकेल रुबिनस्टाईन या दोघांनी १९९८ मध्ये तिचा संपूर्ण छडा लावला. नियमित बहुभुजाकृती कितीही बाजूंची असो, मध्यबिंदू सोडला तर कुठल्याही एका बिंदूत ७ पेक्षा जास्त कर्ण भेटत नाहीत, हे त्यांनी सिद्ध केलं.

काय मोजायचं हे जरा बदललं की सोपं गणित अवघड होतं, याचं उदाहरण जपानी कोडेकार कोबोन फुजिमुरा यांच्या नावानं ओळखलं जातं. काही सरळ रेषा ओढायच्या आणि आतून एकही रेषा न जाणारे, एकमेकांवर न चढणारे त्रिकोण जास्तीत जास्त किती मिळतात ते पाहायचं. ५ रेषांत ५ मिळतात, ७ रेषांत ११. वरची मर्यादा काढणं सोपं आहे. ७ रेषा असतील तर प्रत्येक रेषेला बाकीच्या ६ छेदतात आणि तिच्यावर जास्तीत जास्त ५ तुकडे पडतात. एकूण तुकडे ३५. एक तुकडा दोन त्रिकोणांची बाजू होऊ शकत नाही, कारण मग त्याच्या दोन टोकांतून जाणाऱ्या त्याच दोन रेषांना दोन्ही अंगांना भेटावं लागेल, आणि सरळ रेषा एकदाच भेटतात. प्रत्येक त्रिकोणाला ३ तुकडे, म्हणून ११ पेक्षा जास्त नाहीत. सातला ही मर्यादा गाठता येते, पंधरा रेषांनाही ६५ त्रिकोण मिळवून ती गाठता आली. पण सहा रेषांना मर्यादा ८ असूनही ७ च मिळतात. कितीही रेषांसाठी चालेल असं उत्तर अजून कोणाकडे नाही.

*

शेवटची जाळी रंगांची. उभ्या ७ रांगा, प्रत्येकीत ३ घरं. प्रत्येक घर तांबडं किंवा निळं रंगवायचं. कसंही रंगवा, चार कोपऱ्यांची घरं एकाच रंगाची असलेला एखादा आयत निघतोच. कारण पुन्हा पत्त्यात आहे. तीन घरांना दोनच रंग, तेव्हा प्रत्येक उभ्या रांगेत कुठली तरी दोन घरं एका रंगाची असणारच. त्या जोडीच्या जागा ३ आणि रंग २, म्हणजे ६ पत्ते. रांगा मात्र ७. दोन रांगांना एकच पत्ता मिळतो, आणि आयत पुरा होतो. रांगा ६ असत्या तर प्रत्येकीला वेगळा पत्ता देऊन सुटका झाली असती. चौकटीच्या वहीत करून पाहण्यासारखं आहे.

रंग चार केले आणि पट १७ × १७ चा घेतला तर? मेरीलँड विद्यापीठातले विल्यम गॅसार्च यांनी २००९ मध्ये हे आव्हान जाहीर केलं, आणि सोडवणाऱ्याला २८९ डॉलर देऊ केले, घरामागे एक डॉलर. १७ ओळींतून २ निवडायचे प्रकार १३६, रांगांतूनही १३६, म्हणजे पटावर १८,४९६ आयत, आणि त्यातला एकही एकरंगी नको. रंगवण्याचे एकूण प्रकार मोजायला १७४ अंकी संख्या लागते, त्यामुळे सगळे तपासत बसणं कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचं. २०१२ मध्ये जर्मनीतले बेर्न्ड श्टाइनबाख आणि वेस्ट इंडीजमधले ख्रिस्तियान पोस्टहोफ यांनी तो पट रंगवून दाखवला. १८ × १८ चाही जमला. १७ × १९ चा मात्र जमणारच नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

तो १७ × १७ चा तक्ता मी चौकटीच्या वहीत चार रंगांच्या पेन्सिलींनी उतरवून घेतला आणि तपासायला बसले. १८,४९६ आयत पाहण्याची गरज नव्हती. दोन आडव्या ओळी घ्यायच्या, एकीखाली एक ठेवायच्या, आणि जिथे दोन्हींत एकच रंग आला असेल तिथे थांबायचं. कुठलाही रंग असा दोनदा जुळला की आयत झाला, एकदाच जुळला तर चालेल. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली. ओळींच्या १३६ जोड्या संपायला दोन संध्याकाळी लागल्या. एकाही जोडीत कुठलाही रंग दुसऱ्यांदा जुळला नाही.